डीस्ट्रेच लावलं की अख्खा खडकच लाल होतो, त्याचं काय करायचं?

शैलाश्रयात, म्हणजे जुनी चित्रं असलेल्या खडकाच्या आडोशात, मोबाइलने फोटो काढायचा, घरी येऊन डीस्ट्रेच या फिकट रंग ताणून उठवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडायचा, लाल उठवणारं वायआरईचं बटण दाबायचं आणि कपाळाला हात लावायचा. चित्र राहिलं बाजूला, सगळा दगड शेंदूर फासल्यासारखा लाल. नाहीतर अर्धा फोटो जांभळा, अर्धा पोपटी आणि त्यावर न्हाणीघरातल्या फरश्यांसारखे चौकोन. आमच्याबरोबर सातपुड्यात भटकायला येणाऱ्या जवळपास प्रत्येकाने मला हे एकदा तरी विचारलंय. पावसाळा सरून रानवाटा मोकळ्या झाल्या की दरवर्षी नव्या माणसांकडून तोच प्रश्न येतो. फोनवर तुकड्यातुकड्याने सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे, बटणं बदलत बसून हा प्रश्न सुटत नाही. वायआरई नाही तर एलआरई, ते नाही तर सीआरजीबी, असं रात्री एकपर्यंत करून झालेलं असतं आणि मग मला फोन येतो. बिघाड बहुतेक वेळा मूळ फोटोत असतो. तो का, हे समजायला डीस्ट्रेच आत काय करतं ते थोडं बघावं लागेल. गणित नाही सांगत, घाबरू नका.

चित्रातल्या फिकट पडलेल्या गेरूचा रंग आणि त्यामागच्या वालुकाश्माचा रंग यांत फरक असतो, पण तो इतका कमी की डोळ्याला कळत नाही. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लिहितो आणि या तिघांची फार गट्टी असते. उजेड वाढला की तिघेही वाढतात, सावली पडली की तिघेही घटतात. या गट्टीच्या गर्दीत गेरूचा तो एवढासा फरक दडून जातो. डीस्ट्रेच आधी ही गट्टी फोडतं, म्हणजे फोटोतले रंग कोणकोणत्या दिशांनी बदलतात ते शोधून काढतं. मग प्रत्येक दिशा सारख्याच मापाची होईल इतकी ताणतं आणि रंग पुन्हा जागेवर आणून ठेवतं. ही युक्ती मुळात विमानातून आणि उपग्रहातून घेतलेल्या चित्रांसाठी अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत रुळली. जॉन हार्मन यांनी २००५ मध्ये ती इमेजजे या मोफत प्रोग्रामच्या प्लगइनमध्ये बसवली, तीही खास शैलचित्रांसाठी.

आता यातली ग्यानबाची मेख. गेरू म्हणजे काय, हरीण म्हणजे काय, हे त्या प्लगइनला ठाऊक नाही. तुमच्या चौकटीत जो फरक सगळ्यात मोठा, त्याच्या तालावर सगळी ताणाताण ठरते. चौकटीत उन्हाचा पट्टा असेल तर तो ऊन आणि सावली वेगळी करून देईल. वर आभाळाचा निळा तुकडा आणि खाली सुकलेलं गवत असेल तर ते दोन्ही झक्क वेगळे दिसतील. बिचारा गेरू खडकाच्याच रंगात मिसळून जाईल आणि तुम्ही म्हणाल, सगळा खडक लाल झाला. तो झालाच आहे, कारण आभाळ आणि गवतापुढे गेरू आणि वालुकाश्म हे दोघे सख्खे भाऊच.

म्हणजे आपलं काम एवढंच, की चौकटीत गेरू आणि खडक सोडून मोठा फरक कसला उरू द्यायचा नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

ऊन हा सगळ्यात मोठा गुन्हेगार. सकाळी साडेदहा-अकराला शैलाश्रयाच्या खालच्या भिंतीवर उन्हाची तिरकी पट्टी येते. दिसायला सुंदर, आणि फोटोही छान येतो. पण उन्हातला दगड पिवळसर दिसतो आणि सावलीतल्या दगडावर आभाळाचा निळा उजेड पडतो. डोळा हे आपोआप सांभाळून घेतो, कॅमेरा नाही घेत. डीस्ट्रेचला ती पट्टी दिसली की तुमचं चित्र गेलं. यावर उपाय एकच, भिंत पूर्ण सावलीत असताना फोटो काढायचा. शैलाश्रयाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते आधी बघून वेळ ठरवा. ढगाळ दिवस मिळाला तर त्यासारखं सुख नाही.

वेळ जमतच नसेल तर सावली करा, पण कशाने करता ते बघा. एका फेब्रुवारीत आम्ही शहाणपणा करून गाडीतली पिवळी ताडपत्री आणली. दोघांनी दोन टोकं धरली, भिंतीवर छान एकसारखी सावली पडली, सगळे खूश. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोवर ताडपत्रीचा पिवळा रंग उतरलेला, मध्यभागी जास्त आणि कडेला कमी. डीस्ट्रेचने तो पिवळेपणाच इमानेइतबारे ताणून दाखवला. भिंतीवर सूर्य उगवल्यासारखं एक गोल वर्तुळ! एकाने तर तिथल्या तिथे त्याला सूर्यपूजेचं चित्र ठरवूनही टाकलं. तेव्हापासून दोन मोठ्या काळ्या छत्र्या नेतो. पांढरी चादरही चालते. लाल ओढणी, निळी रेनशीट यांना भिंतीच्या जवळसुद्धा फिरकू देत नाही. भडक शर्ट घातलेल्या माणसाने अगदी जवळून फोटो काढला तरी त्याची झाक भिंतीवर येते, हा अनुभव घेऊन झालाय.

आता त्या चौकोनांकडे येऊ. ते फोटोतूनच येतात, डीस्ट्रेच त्यांना फक्त उजेडात आणतं. जेपीईजी फाइल लहान करताना कॅमेरा चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यातला बारीकसारीक तपशील टाकून देतो. त्यातही उजेड-अंधाराची माहिती तो बऱ्यापैकी जपतो, कारण आपला डोळा ती पटकन टिपतो. रंगाची माहिती मात्र निर्दयपणे छाटतो. बहुतेक फोनमध्ये चार पिक्सेलना मिळून एकच रंग वाट्याला येतो. एरवी कुणाचं काही बिघडत नाही, लग्नाचे फोटो उत्तमच दिसतात. पण आपल्याला नेमका रंगातलाच बारीक फरक हवा असतो आणि तोच तिथे कापला गेलेला असतो. मग डीस्ट्रेच ताणतं ते तुकड्यांच्या कडा.

त्यात तुम्ही तो फोटो चॅटवर मित्राला पाठवला, त्याने मला पुढे ढकलला, की दोनदा आणखी दाबला गेला. अशा फोटोवर माझ्याकडे इलाज नाही. खरं सांगतो, चॅटवरून आलेला फोटो मी आता उघडतही नाही. पाठवायचाच तर फोटो म्हणून नको, फाइल म्हणून किंवा ईमेलने मूळचा पाठवा.

फोनमध्ये प्रो मोड असेल तर रॉ सुरू करा, म्हणजे काही न छाटलेला कच्चा फोटो मिळतो. त्याची डीएनजी फाइल तयार होते. ती कुठल्याही रॉ प्रोग्राममध्ये उघडून टिफ म्हणून साठवायची आणि तीच डीस्ट्रेचमध्ये घालायची. उघडताना शार्पनिंग शून्यावर ठेवा, आणि ‘ऑटो’ लिहिलेल्या कशालाही हात लावू नका. फोनचा एचडीआर, नाइट मोड, दृश्य ओळखून रंग खुलवणारी ती आपोआप सोय, सगळं बंद. ही मंडळी फोटोच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे रंग बदलतात. भिंतीचा वरचा भाग एका हिशेबाने, खालचा दुसऱ्या. मग अर्धा फोटो जांभळा आणि अर्धा पोपटी होणार नाही तर काय?

चौकोन नाहीत, पण रांगोळी विस्कटल्यासारखे रंगीत दाणे सगळीकडे दिसतायत, असंही होतं. ते अंधारामुळे. शैलाश्रयाच्या आत उजेड कमी पडतो, फोन आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवतो आणि प्रत्येक पिक्सेल थोडा थोडा खोटं बोलायला लागतो. ट्रायपॉड लावा, आयएसओ १०० ठेवा, शटर लांब ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉड नसेल तर फोन पाठीच्या पिशवीवर टेकवून ठेवला तरी भागतं.

आता डीस्ट्रेचच्या आतलं. फोटो उघडल्यावर थेट बटण दाबायच्या आधी इमेजजेच्या चौकोनाने खडकाचा एक तुकडा निवडा, जिथे चित्र असावं असा संशय आहे आणि आजूबाजूचा थोडा कोरा दगडही आहे. मग रंगांचा हिशेब फक्त त्या तुकड्यावरून होतो. आभाळ, गवत, कुणाची टोपी, सगळं हिशेबाबाहेर जातं. ही एवढीशी गोष्ट लोक करत नाहीत. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी कितीतरी यावरच मिटल्या. दहा सेंटिमीटरची ती रंगपट्टी असलेली इफ्राओची (शैलचित्र संघटनांच्या जागतिक महासंघाची) मापपट्टी भिंतीजवळ ठेवत असाल (ठेवाच), तर तीसुद्धा चौकोनाबाहेर राहू द्या. तिच्यावरचे गडद रंग हिशेब बिघडवतात. चौकोन हलवला की निकाल बदलतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी करून बघा. प्रत्येक वेळी जी रेघ तिथेच उमटते तिच्यावर माझा थोडा भरवसा बसतो.

बटणांचं थोडक्यात सांगतो. सुरुवात वायडीएस किंवा एलडीएसने करा. लालासाठी वायआरई, फारच फिकट लाल असेल तर सीआरजीबी, पिवळ्यासाठी वायवायई, काळ्यासाठी वायबीके. खालचा स्केलचा आकडा मुळात १५ असतो, तो वाढवला की चित्राबरोबर कचराही वाढतो. पांढरी चित्रं हट्टी असतात. पांढऱ्याला स्वतःचा असा रंगच फारसा नसतो, मग ताणायचं काय? तिथे साधा कॉन्ट्रास्ट वाढवून कधी कधी जास्त दिसतं. प्लगइन नसेल तर जिंप या फोटोच्या प्रोग्राममध्ये फोटो लॅब रंगांत फोडून (एल म्हणजे उजेड, ए आणि बी म्हणजे रंग) फक्त ए आणि बी हे दोन थर ताणून पुन्हा जोडा. डीस्ट्रेचची सर येत नाही, पण पिशवी उचलून परत जायचं की नाही एवढं ठरवता येतं.

इथपर्यंतच्या तक्रारी सोप्या होत्या. आता अवघड तक्रार, जी कुणी तक्रार म्हणून करतच नाही: चित्र दिसतंय, पण ते तिथे नाहीच.

हे माझ्याच बाबतीत झालं. एका शैलाश्रयाच्या छताजवळ मला वायआरईमध्ये फांद्यांसारखी शिंगं असलेलं हरीण दिसलं. मान वळवलेली, पाठीची रेघ अगदी डौलदार. मी दोन दिवस हवेत होतो. चार जणांना दाखवलं, चौघांनाही हरीण दिसलं, कारण दाखवताना मी ‘हे बघा हरीण’ म्हणूनच दाखवलं होतं. तिसऱ्या दिवशी भिंग घेऊन परत गेलो. पाठीची डौलदार रेघ म्हणजे छतातल्या भेगेतून पाझरणाऱ्या पाण्याने आणलेला लोहाचा डाग होता. शिंगांच्या जागी नारिंगी दगडफूल, कडा गोल गोल आणि मध्ये खरखरीत. बोटभर अंतरावरून बघितल्यावर त्यात रंगवलेलं काही नव्हतं. गेरूही लोहच आणि तो डागही लोहच, डीस्ट्रेचला दोघांत फरक करायचं काही कारणच नव्हतं.

तेव्हापासून स्क्रीनवर दिसलेलं काहीही मी वहीत प्रश्नचिन्ह लावूनच लिहितो आणि पुन्हा भिंतीपाशी जातो. पाण्याचा डाग उताराला धरून खाली येतो, चित्राची रेघ उताराचं ऐकत नाही. रंगवलेल्या रेघेच्या दोन्ही कडा साधारण सारख्या असतात आणि रंग दगडाच्या खडबडीत उंचवट्यांवर जास्त, खोबणीत कमी लागलेला दिसतो. डागाचं बरेचदा उलटं असतं, पाणी खोबणीत थांबतं. रेघेवर पांढरट क्षारांची साय चढलेली असेल आणि सायीच्या पलीकडे तीच रेघ पुढे जात असेल तर माझा विश्वास वाढतो. यातलं एकही लक्षण एकट्याने पुरेसं नाही. तीन जुळली तर मी ‘बहुधा चित्र’ लिहितो.

असं फसणारा मी एकटा नाही, हाच काय तो दिलासा. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या ऑडिटोरियम गुहेच्या छतावरचा एक पानासारखा आकार २०२१ मध्ये डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जीवाचा जीवाश्म म्हणून शोधनिबंधात छापून आला. २०२३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तिथे जाऊन दाखवलं, की ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष आहेत. आधीच्या गटाच्या प्रमुखांनी ते मान्यही केलं, याचं मला फार कौतुक वाटतं. तो फोटो काही डीस्ट्रेचचा नव्हता, पण आजार तोच: आधी फोटो, मग ओळख, भिंत सगळ्यात शेवटी.

उलटंही होतं. अमेरिकेतल्या यूटा राज्यात ब्लॅक ड्रॅगन कॅनियनमध्ये पंख पसरलेला राक्षस म्हणून एक चित्र प्रसिद्ध होतं. काही लोक तर त्याला उडता डायनासोर म्हणायचे, म्हणजे माणसाने डायनासोर पाहिले होते याचा पुरावाच म्हणे. १९४७ मध्ये कुणीतरी त्या चित्राभोवती खडूने बाह्यरेषा काढली होती आणि त्या खडूनेच वेगवेगळे आकार एकत्र बांधले होते. २०१५ मध्ये अभ्यासकांनी डीस्ट्रेच आणि हातात धरायचं एक्स-रे यंत्र वापरून गेरू आणि खडू वेगळे केले. पंखवाला राक्षस गायब! निघाले दोन माणसं, एक मेंढा, एक कुत्रा आणि एक साप. कंबोडियात अंगकोर वाटच्या भिंतींवर डोळ्यांना न दिसणारी दोनशेवर चित्रं याच युक्तीने सापडली आणि २०१४ मध्ये जाहीर झाली. म्हणजे हत्यारात खोट नाही.

काही प्रश्न मात्र या हत्याराला विचारायचेच नसतात. एकावर एक काढलेल्या दोन चित्रांपैकी वरचं कुठलं, हे डीस्ट्रेचमधून ठरवू नका. ज्याचा रंग जाड उरलाय ते वर असल्यासारखं दिसतं, मग ते खाली का असेना. चित्राचं वय तर मुळीच कळत नाही. कोकणातल्या मित्रांनो, कातळशिल्पांचे फोटो कृपा करून यात घालू नका. जांभ्यात कोरलेल्या रेघांमध्ये रंग नाही, तिथे डीस्ट्रेच फक्त शेवाळ ताणून दाखवेल. गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला आहेत तीही कोरलेलीच. त्यांना सकाळ-संध्याकाळचा तिरका उजेड हवा. आम्हाला जे ऊन नको असतं, नेमकं तेच.

आपल्याकडे तसा बेसाल्टचाच कारभार, त्यामुळे रंगवलेल्या चित्रांसाठी सातपुड्याच्या वालुकाश्माकडे जावं लागतं. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात धारूळ गाव आहे. त्याच्या उत्तरेला हद्द ओलांडली की बैतूल जिल्ह्यात अंबादेवीचे शैलाश्रय लागतात. २००७ मध्ये अमरावतीच्याच निसर्गप्रेमींनी ते उजेडात आणले. तिकडे जाणाऱ्यांना हात जोडून एक विनंती. चित्र ‘उठून दिसावं’ म्हणून भिंतीवर पाणी मारायची जुनी खोड अजून गेलेली नाही. ओल्या भिंतीवर रंग खरंच उठून दिसतो, पण पाणी सुकताना दगडातले क्षार वर ओढून आणतं आणि त्यांची पांढरी पापुद्री चित्रावर कायमची बसते. शिवाय ओल्या-सुक्या भागांच्या रंगात इतका फरक पडतो की डीस्ट्रेचमध्ये तोच दिसत राहतो. म्हणजे चित्रही गेलं आणि फोटोही. हात लावू नका, खडूने गिरवू नका.

एक मजा सांगतो. १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांना रेल्वेतून जाताना भीमबेटकाचे खडक खुणावले, तेव्हा त्यांच्याकडे वही, पेन्सिल आणि डोळे होते. पुढे यशोधर मठपाल यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पीएच.डी. करताना तिथल्या चित्रांसमोर बसून जलरंगात त्यांच्या प्रतिकृती केल्या. एका चित्रासमोर तासन्‌तास बसलेल्या माणसाला डाग आणि रेघ यांतला फरक कळायला वायआरई लागत नाही. म्हणून मी आता भिंतीपाशी आधी अर्धा तास नुसतं बसून पेन्सिलने रेखाटन करतो, मग फोटो काढतो. माझं रेखाटन भयंकर असतं, घोडा आणि शेळी यांत फरक कळत नाही. पण डीस्ट्रेचने दाखवलेली प्रत्येक रेघ त्याच्याशी ताडून बघता येते. जी दोन्हीकडे आहे ती शाईने, जी फक्त स्क्रीनवर आहे ती ठिपक्यांनी.

यातूनही सुटलं नाही तर मला जरूर विचारा. फक्त पाठवताना मूळ फाइल पाठवा, डीस्ट्रेच केलेली एकटी नको. फोटो किती वाजता काढला, भिंतीवर ऊन होतं का, सावली केली असेल तर कशाने केली, चौकोन कुठे घेतला होता, कुठलं बटण आणि स्केल किती, एवढं दोन ओळींत लिहा. आणि भिंत दोन हात अंतरावरून कशी दिसते याचा साधा फोटो जोडा, म्हणजे पाणी कुठून पाझरतंय ते मला आधी बघता येईल.